अस्वल उत्तरेचे, पेंग्विन दक्षिणेचा
मुलांना हिमप्रदेशातील प्राण्यांची ओळख करून देताना

बालवाडीच्या भिंतीवर किंवा चित्रांच्या पुस्तकात एक देखावा हटकून आढळतो. निळ्याशार पाण्यात बर्फाचा तुकडा तरंगत असतो. त्यावर एका कडेला पांढरे अस्वल बसलेले, दुसऱ्या कडेला पेंग्विन उभा आणि मागे घुमटाच्या आकाराचे बर्फाचे घर. चित्र गोजिरवाणे असते खरे. पण असा देखावा पृथ्वीच्या पाठीवर कोठेही पाहावयास मिळत नाही. पांढऱ्या अस्वलाने निसर्गात कधी पेंग्विन पाहिलेला नाही आणि पेंग्विनाने कधी अस्वल पाहिलेले नाही. दोघांच्या घरांमध्ये अख्खी पृथ्वी आडवी येते. मुलाच्या मनात एकदा ठसलेले चित्र पुसणे कठीण असते, म्हणून हिमप्रदेशातील प्राण्यांची ओळख करून देण्याची सुरुवात ही चूक दुरुस्त करण्यापासूनच व्हावी.

गोव्यातील मुलाला बर्फ ठाऊक असतो तो शीतकपाटातला, फार तर मासळीबाजारात माशांवर घातलेला. हिमवर्षाव त्याने पाहिलेला नसतो. तरीही बर्फाच्या प्रदेशाशी भारताचे जे नाते जडले, त्याचा उंबरठा गोव्यातच आहे. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय तुकडी ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्याच किनाऱ्यावरून अंटार्क्टिकाकडे निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे उतरली. वास्कोच्या हेडलँड सडा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आजही या मोहिमांची आखणी करते. अंटार्क्टिकावरील ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही संशोधन केंद्रे, तसेच उत्तरेकडील नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात २००८ साली सुरू झालेले ‘हिमाद्री’ यांचा कारभार येथूनच चालतो. मुरगावच्या मुलाला ध्रुवांची गोष्ट सांगताना ती अगदीच परक्या मुलखाची म्हणून सांगण्याचे कारण नाही.

दोन ध्रुव, दोन निराळी घरे

दोन्ही ध्रुवांवर बर्फ असला तरी त्या बर्फाखाली काय आहे, यात सगळा फरक आहे. उत्तर ध्रुवाभोवती समुद्र आहे आणि त्या समुद्राला रशिया, कॅनडा, ग्रीनलँड, नॉर्वे, अलास्का यांच्या जमिनीने वेढलेले आहे. दक्षिणेला नेमके उलटे आहे. तेथे मध्यभागी अंटार्क्टिका हा प्रचंड भूखंड असून त्याच्या चहूबाजूंनी समुद्र आहे. उत्तरेकडे भोवतालच्या जमिनीवरून चालत चालत अस्वल, कोल्हा, रेनडिअर, लांडगा असे प्राणी बर्फापर्यंत पोहोचले. दक्षिणेकडे चालत जाण्यास वाटच नाही. तेथे जो पोहोचला तो पोहत किंवा उडत.

ही गोष्ट मुलांच्या लक्षात राहावी म्हणून नावांचाच आधार घेता येतो. ‘आर्क्टिक’ हा शब्द ग्रीक भाषेतील ‘आर्क्टोस’ म्हणजे अस्वल या शब्दावरून आला. मात्र हे अस्वल बर्फातले नव्हे, आकाशातले. आपण ज्या तारकासमूहाला सप्तर्षी म्हणतो, तो ग्रीकांच्या मोठ्या अस्वलाचाच भाग होय. उत्तरेच्या आकाशात हे अस्वल फिरते म्हणून खालचा प्रदेश अस्वलाचा, आणि त्याच्या विरुद्ध टोकाचा तो ‘अँटार्क्टिक’. योगायोग असा की जमिनीवरही हेच खरे ठरले. अस्वलाच्या नावाच्या प्रदेशात अस्वल आहे. विरुद्ध प्रदेशात ते नाही. उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर सप्तर्षी दाखवता दाखवता हा धडा सहज देता येतो.

अंटार्क्टिकासंबंधी आणखी एक गोष्ट ऐकून मुले चकित होतात. त्या खंडाच्या ९८ टक्के भूमीवर बर्फ आहे. रशियाच्या व्होस्तोक केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश सेल्सिअस इतके तापमान नोंदले गेले. अशा भूमीवर बारमाही राहणारा, समुद्रावर अवलंबून नसलेला सर्वांत मोठा प्राणी कोणता? तो एक बिनपंखी कीटक आहे आणि त्याची लांबी तांदळाच्या दाण्याहून अधिक नसते. पेंग्विन आणि सील हे खरे तर समुद्राचे रहिवासी. त्यांचे अन्न समुद्रात असते. बर्फावर ती येतात ती विसाव्यासाठी, अंडी घालण्यासाठी आणि पिल्ले वाढवण्यासाठी.

चार महिन्यांचा उपास

हिमप्रदेशातील एकाच प्राण्याची गोष्ट सविस्तर सांगावयाची झाली, तर ती सम्राट पेंग्विनाची सांगावी. पेंग्विनांच्या सर्व जातींत हा सर्वांत मोठा. उभा राहिला की चार-पाच वर्षांच्या मुलाच्या उंचीचा भरतो. इतर पक्षी पिल्लांसाठी उन्हाळा निवडतात. हा पक्षी मात्र अंटार्क्टिकाचा हिवाळा सुरू होताना, मे-जूनच्या सुमारास, समुद्रावर गोठलेल्या बर्फावर अंडे घालतो. घरटे नाही, कारण घरटे बांधण्यास काडी नाही की खडा नाही. मादी एकच अंडे घालते, ते नराच्या स्वाधीन करते आणि समुद्राकडे निघून जाते.

हे हस्तांतर मोठे जोखमीचे असते. अंडे एका जोडीच्या पायांवरून दुसऱ्या जोडीच्या पायांवर सरकवावे लागते. ते बर्फावर पडून थोडा वेळ राहिले तरी आतील जीव गोठून जातो. नर अंडे पायांवर घेतो आणि पोटाखालच्या कातडीच्या घडीने झाकतो. पुढे सुमारे ६५ दिवस तो ते तसेच सांभाळतो. या काळात त्याच्या पोटात अन्नाचा कण जात नाही. वसाहतीवर आल्यापासून मादी परत येईपर्यंतचा काळ मोजला, तर नराचा उपास चार महिन्यांच्या जवळपास जातो आणि त्याचे वजन निम्म्याच्या आसपास घटते. मादीला परतण्यास उशीर झाला आणि पिल्लू बाहेर आले, तर नर आपल्या अन्ननलिकेत तयार होणारा दुधासारखा स्राव पिल्लाला भरवतो. स्वतः उपाशी असताना!

उणे चाळीस अंशांत, वादळी वाऱ्यात हे नर टिकतात ते एकमेकांना खेटून. शेकडो, कधी हजारो नर एक घोळका करतात. घोळक्याच्या मध्यभागी इतकी ऊब निर्माण होते की तेथील तापमान माणसाच्या अंगाइतके झाल्याचीही नोंद आहे. कोणी कायम मध्ये राहत नाही आणि कोणी कायम कडेलाही राहत नाही. सगळा घोळका इंचाइंचाने सरकत असतो. येथे बोधकथा सांगण्याचा मोह शिक्षकांना होतो, पण तो आवरलेला बरा. पेंग्विन परोपकार करीत नाही. कडेच्या पक्ष्याला थंडी वाजते म्हणून तो आत शिरू पाहतो. सर्वांनी तसे केल्यामुळे सर्वांना ऊब मिळते. मुलांना हे खरे कारण सांगितले तर ती अधिक रमतात.

या अंड्यांसाठी माणसांनीही जीव धोक्यात घातला आहे. कॅप्टन स्कॉट यांच्या मोहिमेतील एडवर्ड विल्सन, हेन्री बाउअर्स आणि ॲप्स्ली चेरी-गॅरार्ड हे तिघे १९११ च्या ऐन हिवाळ्यात, चोवीस तासांच्या काळोखात, केप क्रोझिअर येथील वसाहतीकडे चालत गेले. पाच अंडी मिळाली. त्यांतील दोन वाटेत फुटली. उरलेली तीन अंडी पुढे लंडनच्या संग्रहालयात पोहोचली. त्या काळच्या समजुतीप्रमाणे पक्ष्यांचे पूर्वज कोण, याचे उत्तर त्या अंड्यांत दडलेले होते. ते उत्तर काही मिळाले नाही. चेरी-गॅरार्ड यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेले या मोहिमेचे वर्णन मात्र प्रवाससाहित्यात अजरामर झाले.

पेंग्विन म्हटला की बर्फ आलाच, ही समजूतही तपासून पाहण्याजोगी आहे. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली आणलेले पेंग्विन मराठी मुलांनी मोठ्या संख्येने पाहिले आहेत. ते हंबोल्ट जातीचे असून पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर राहतात. हा किनारा जवळजवळ वाळवंटी आहे. थंड आहे तो त्याला लागून वाहणारा सागरी प्रवाह. या पेंग्विनांचा बर्फाशी संबंध नाही. गालापागोस बेटांवरचा पेंग्विन तर थेट विषुववृत्तावर राहतो.

उत्तरेकडे मात्र एके काळी ‘पेंग्विन’ होता, हेही सांगून ठेवावे. उत्तर अटलांटिकमध्ये काळ्या-पांढऱ्या रंगाचा, उडता न येणारा एक मोठा पक्षी होता आणि पेंग्विन हे नाव मुळात त्याचे. दक्षिणेला गेलेल्या खलाशांना तसाच दिसणारा पक्षी आढळला, तेव्हा त्यांनी तेच नाव त्यालाही दिले. मूळच्या पक्ष्याची मांस, पिसे आणि चरबी यांसाठी इतकी कत्तल झाली की जून १८४४ मध्ये आइसलँडजवळच्या एल्डी बेटावर अखेरची ज्ञात जोडी मारली गेली. नाव उरले, नावाचा मूळ धनी गेला.

‘त्यांना थंडी वाजत नाही का?’

मुलांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण प्रत्येक प्राण्याने थंडीवर आपापली तोड काढली आहे.

पांढऱ्या अस्वलाचे उदाहरण घ्यावे. त्याची कातडी पांढरी नसून काळी असते. केसही पांढरे नसतात. ते रंगहीन आणि आतून पोकळ असतात. प्रकाश त्यांवर विखुरला की अस्वल पांढरे दिसते. उष्ण हवेच्या काही प्राणिसंग्रहालयांत या पोकळ केसांमध्ये शेवाळ वाढून अस्वले चक्क हिरवी झाली होती. केसांच्या दाट थराखाली चरबीचा थर असतो आणि तो दहा सेंटीमीटरपर्यंत जाड असू शकतो. तळपायांनाही केस असतात. त्यामुळे बर्फावर पाय घसरत नाही. सीलने बर्फात श्वासासाठी पाडलेल्या भोकापाशी हे अस्वल तासन् तास निश्चल बसून राहते आणि सीलने डोके वर काढताच झडप घालते. सारा हिवाळा ते झोपून काढते असे अनेक पुस्तकांत छापलेले असते, ते बरोबर नाही. हिवाळा हा तर त्याच्या शिकारीचा हंगाम. बर्फाच्या गुहेत जाते ती फक्त गाभण मादी. तेथे जन्मणारे पिल्लू अवघे अर्धा-पाऊण किलो वजनाचे असते; पुढे याच पिल्लाचा चार-पाचशे किलोंचा नर होतो.

चरबीचे काम घरीच दाखवता येते. प्लास्टिकच्या एका पिशवीत वनस्पती तूप भरावे, तिच्यात दुसरी पिशवी घालून मुलाने त्यात हात घालावा आणि दोन्ही हात बर्फाच्या पाण्यात बुडवावेत. मोकळा हात काही क्षणांतच बाहेर काढावा लागतो. तुपातला हात निवांत राहतो. सील, वॉलरस आणि देवमासे यांच्या अंगावर हाच थर असतो. दुसरा प्रयोग आणखी सोपा आहे. एक वाटी साधे पाणी आणि एक वाटी मिठाचे दाट पाणी शीतकपाटाच्या गोठणकप्प्यात ठेवावे. मिठाचे पाणी मागाहून गोठते. समुद्राचे पाणी शून्य अंशाला न गोठता उणे १.८ अंशांच्या सुमारास का गोठते, हे मग सांगावे लागत नाही. बर्फ पाण्यावर तरंगतो, हेही त्याच वेळी दाखवावे. तो बुडत असता तर समुद्र तळापासून गोठत गेला असता आणि खाली जीवसृष्टी उरलीच नसती. वर बर्फाचे झाकण आणि खाली पाणी, या रचनेवरच ध्रुवीय समुद्रातील सगळा संसार चालतो.

पेंग्विनाचे पाय उघडे असतात, मग ते गोठत कसे नाहीत? पायाकडे जाणारी उष्ण रक्ताची वाहिनी आणि पायाकडून परतणारी थंड रक्ताची वाहिनी एकमेकींना लगटून असतात. खाली जाणारे रक्त आपली ऊब परतणाऱ्या रक्ताला देऊन टाकते. पाय गोठणबिंदूच्या किंचित वर राहतात आणि अंगाची ऊब अंगातच राहते.

माशांची तऱ्हा याहून विलक्षण. अंटार्क्टिकाच्या समुद्रातील अनेक माशांच्या रक्तात एक विशिष्ट प्रथिन असते. रक्तात बर्फाचा सूक्ष्म कण तयार होऊ लागला की हे प्रथिन त्याला चिकटते आणि त्याची वाढ थांबवते. त्यांतील ‘हिममासा’ या गटाच्या रक्तात तर तांबडा रंग देणारे हिमोग्लोबिनच नसते. त्याचे रक्त पाण्यासारखे दिसते. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो, म्हणून त्याचे भागते. जेवताना सुरमईच्या तुकडीकडे बोट दाखवून ही गोष्ट सांगितली तर मूल विसरणार नाही.

कानांच्या आकाराकडेही मुलांचे लक्ष वेधावे. आपल्याकडे माळरानावर राहणाऱ्या खोकडाचे कान लांब, टोकदार असतात; त्यांतून अंगातील उष्णता बाहेर पडते. आर्क्टिक कोल्ह्याचे कान आखूड आणि गोलसर असतात, तोंडही आखूड असते. उष्णता बाहेर जाण्याच्या वाटाच त्याने लहान केल्या आहेत. हिवाळ्यात पांढरा असणारा हा कोल्हा उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर तपकिरी होतो. रेनडिअरच्या बाबतीत तर डोळ्यांच्या आतील पडदाच रंग बदलतो. उन्हाळ्यात सोनेरी दिसणारा हा पडदा हिवाळ्याच्या दीर्घ काळोखात निळा होतो आणि अंधुक प्रकाशातही त्याला दिसू शकते.

बाकीच्यांची ओळख थोडक्यात करून दिली तरी चालेल. वॉलरसचे लांब सुळे त्याला बर्फावर चढण्यास उपयोगी पडतात आणि तळाच्या चिखलातील शिंपले तो मिशांनी चाचपून शोधतो. नारव्हाल देवमाशाचे तीन मीटरपर्यंत वाढणारे पिळदार ‘शिंग’ म्हणजे खरे तर डावीकडचा एक दात होय. मध्ययुगीन युरोपात तो एकशिंगी घोड्याचे शिंग म्हणून भारी किमतीला विकला जाई. वेडेल सील दातांनी बर्फ खरवडून आपले श्वासाचे भोक उघडे ठेवतो. म्हातारपणी दात झिजले की त्याचे जगणे अवघड होते. दक्षिण समुद्रातील पेंग्विन, सील, देवमासे अशा बहुतेकांचे पोट भरते ते क्रिल या बोटभर लांबीच्या, आपल्या कोळंबीसारख्या दिसणाऱ्या जीवावर. अजस्र निळा देवमासाही दिवसाला कित्येक टन क्रिलच गिळतो.

या दोन्ही जगांना जोडणारा एक पाहुणा आहे. शंभर-सव्वाशे ग्रॅम वजनाचा आर्क्टिक सुरय हा पक्षी उत्तरेत पिल्ले वाढवतो आणि तेथला उन्हाळा संपला की दक्षिणेचा उन्हाळा गाठण्यासाठी अंटार्क्टिकाकडे निघतो. ग्रीनलँडमधील काही पक्ष्यांच्या पायांना चिमुकली नोंदयंत्रे बांधून पाहिले, तेव्हा त्यांचा वर्षभराचा प्रवास सरासरी सत्तर हजार किलोमीटरच्या घरात भरला. अस्वलही पाहणारा आणि पेंग्विनही पाहणारा असा प्राणी शोधावयाचा झाला, तर तो हा.

आपल्या देशातील हिमवासी

ध्रुवांच्या नादात हिमालय विसरला जातो, ही आपल्या बालसाहित्यातील मोठी उणीव आहे. लडाखमध्ये ज्याला ‘शान’ म्हणतात तो हिमबिबट्या भारताचाच रहिवासी. २०१९ ते २०२३ या काळात देशात त्याची पहिली पद्धतशीर गणना झाली. तीत ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज निघाला. त्यांतील ४७७ एकट्या लडाखमध्ये आहेत. जवळपास शरीराइतकेच लांब, झुपकेदार शेपूट कड्यांवरून उडी घेताना तोल सांभाळते आणि झोपताना तोंडाभोवती शालीसारखे गुंडाळले जाते. वाघ-सिंहांच्या कुळातला असूनही त्याला डरकाळी फोडता येत नाही. भरल ही रानमेंढी त्याचे मुख्य भक्ष्य. पण कधी तो गुराख्याच्या कोंडवाड्यात शिरतो आणि एका रात्रीत अनेक शेळ्या-मेंढ्या मारतो. तेव्हा गावाचा राग अनावर होतो. हिमबिबट्या पाहण्यास येणाऱ्यांना घरी उतरवून घेण्याचा व्यवसाय लडाखच्या काही गावांत रुजला आणि त्या गावांपुरते तरी हे वैर पुष्कळ निवळले.

त्याच डोंगरांत हिमालयीन मार्मोट अर्ध्याहून अधिक वर्ष बिळात झोपून काढतो. त्याचा शेजारी पिका हा उंदराएवढा, सशाच्या कुळातला प्राणी मात्र झोपत नाही. तो उन्हाळाभर गवत तोडून वाळवतो आणि हिवाळ्यासाठी साठवतो. पावसापूर्वी पुरुमेंताची बेगमी करणाऱ्या गोव्यातील घरांना पिकाची ही धडपड परकी वाटू नये.

बर्फ वितळतो आहे, हे कसे सांगावे

या प्राण्यांची ओळख करून देताना एक अवघड प्रकरण टाळता येत नाही. ज्या बर्फावर त्यांचे जगणे उभे आहे, तो घटतो आहे. लहान मुलाला हे सांगावे की नाही, याविषयी पालकांत दोन मते असतात. हडकुळ्या अस्वलाची चित्रफीत दाखवून मुलाला रडवणे अयोग्य. आणि सगळे छान आहे असे सांगणे खोटे. मधला मार्ग म्हणजे जे घडले ते नेमके सांगणे. सम्राट पेंग्विनाच्या पिल्लांची लव पाणी अडवू शकत नाही. पोहण्याजोगी पिसे येईपर्यंत त्यांच्या पायांखालचा बर्फ टिकावाच लागतो. २०२२ साली अंटार्क्टिकाच्या बेलिंग्जहाउझेन समुद्रात हा बर्फ वेळेआधी फुटला आणि उपग्रहांच्या छायाचित्रांवरून असे दिसले की तेथील पाचपैकी चार वसाहतींत बहुधा एकही पिल्लू वाचले नाही.

माणसाने शहाणपण दाखवल्याचीही उदाहरणे आहेत आणि तीही तितक्याच नेमकेपणे सांगावीत. पांढऱ्या अस्वलांची बेसुमार शिकार होऊ लागली, तेव्हा अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यासह पाच देशांनी, शीतयुद्धाच्या काळातही, १९७३ साली एकत्र येऊन तिला आळा घातला. अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणाचा करार १९९१ साली झाला. बाहेरचा प्राणी तेथे नेण्यास त्यामुळे बंदी आली आणि ढकलगाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांनाही १९९४ पर्यंत परत आणावे लागले. भारताने २०२२ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला.

बंदुकीला आळा घालता आला. बर्फाचे तसे नाही. कॅनडातील हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर १९८७ साली सुमारे १,२०० अस्वले होती. २०२१ च्या हवाई पाहणीत ती ६०० च्या आसपास भरली. तेथील समुद्र उन्हाळ्यात मोकळा होतो आणि अस्वले किनाऱ्यावर येतात. तेथे सील मिळत नाहीत, म्हणून अंगच्या चरबीवर दिवस काढतात. पूर्वीपेक्षा बर्फ लवकर वितळतो आणि उशिरा धरतो, त्यामुळे हा उपास लांबत चालला आहे. ऑक्टोबर संपत आला की चर्चिल या छोट्या गावाच्या परिसरात अस्वले किनाऱ्याने जमू लागतात आणि समुद्र गोठण्याची वाट पाहत बसून राहतात.